चार्जरची गुरगुर

तारमास्तरांच्या कानांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. दातांनी दिला, गुडघ्यांनी दिला आणि गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा खुब्यानेही दिला. पण कान शाबूत होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर, बिनतारी संदेशांच्या खोपटाएवढ्या खोलीत, याच कानांच्या जिवावर काढली होती. म्हणून तर इमारतीतले लोक त्यांना अजूनही तारमास्तर म्हणायचे, आणि म्हणूनच रेडिओत ती गुरगुर पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी रेडिओ सोडून आधी आपले कान चोळले. त्यांना वाटलं, झालं, आता कानही गेले.

कान गेले तर मास्तरांकडे उरलं काय असतं? घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर ‘सुटे भाग येत आहेत’ अशी पाटी, आणि ते भाग बहुधा पायी येत असावेत. डॉक्टरांनी जिन्याचं नावही काढू नका म्हणून बजावलेलं. तेव्हा मास्तरांचं जग म्हणजे मागची अरुंद खोली, तिथून न्हाणीघरापर्यंतचा बोळ आणि हातातला वॉकर. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे नळ दिसायचे, दुसरं काही नाही. पण त्याच खिडकीतून एक तांब्याची तार गच्चीवर गेली होती, आणि त्या तारेवाटे मास्तर रोज सकाळी न्याहारी झाली की घराबाहेर पडायचे.

बाहेर म्हणजे घड्याळजींकडे. घड्याळजी दूरच्या एका गावात, आपल्या बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर एकटेच, फोनही न ठेवता राहायचे. हयातभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोलायचाही तसाच, बारीक, टोकदार, मध्येच चिमटा काढत. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नव्हती. ओळख रेडिओवरची, म्हणजे दोन्हीकडून बोलता येतं अशा हौशी लोकांच्या हॅम रेडिओवरची, आणि तीही इतकी जुनी की मास्तरांची बायको गेली तेव्हा सर्वांत आधी त्यांनी ते घड्याळजींना सांगितलं, मग मुलाला. मुलगाही जहाजावर, इंजिनात. वर्षातून दोनदा घरी यायचा आणि आला की नुसता झोपायचा.

म्हणजे घरात माणसं दोन. मास्तर आणि त्यांची सून.

सून विमा कंपनीत होती. ज्यांचे दावे अडकले आहेत अशा लोकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व’ म्हणायचं, हे तिचं काम. कंपनीनं कचेरी बंद केली आणि सगळ्यांना एकेक लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत दार लावून बसायची. आधी दार नुसतं लोटलेलं असे. पण एकदा मास्तर बनियनवर, चहाचा कप घेऊन तिच्या मागून गेले आणि ते साऱ्या टीमनं पाहिलं. त्या दिवसापासून आतून कडी लागली.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. प्लग काढला की पडदा काळा. त्यातच कंपनीचा मूळ चार्जर जळाला आणि त्याच्या बदली कुठलातरी बिननावाचा आला, कागदासारखा हलका. मास्तरांनी तो एकदा तळहातावर तोलून पाहिला होता. “यात काहीच नाही की गं,” ते म्हणाले होते. तिला वाटलं, म्हातारा आपला उगाच बोलतोय.

तो चार्जर लागला त्याच दिवशी गुरगुर सुरू झाली. पण दोन आणि दोन चार करायला मास्तरांना बरेच दिवस लागले. आधी त्यांनी कानांना दोष दिला, मग रेडिओला, मग तारेला, मग शेजाऱ्यांच्या मिक्सरला. रेडिओ त्यांनी मोटारीच्या जुन्या बॅटरीवर चालवून पाहिला; तरी गुरगुर आहे ती आहेच. शेवटी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर घेऊन, वॉकर रेटत ते बोळातून निघाले. स्वयंपाकघराशी आवाज मंद. न्हाणीघराशी मंद. सुनेच्या दाराशी आले आणि ट्रान्झिस्टर असा भणभणला की गांधीलमाशीचं पोळंच हातात धरलंय.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती तेव्हा त्यांनी विषय काढला.

“सूनबाई, तुझा तो चार्जर आहे ना, तो विजेचे बारीक बारीक तुकडे करतो. सेकंदाला हजारो. चांगल्या चार्जरमध्ये त्याचा कचरा आतल्या आत अडवायची सोय असते. यात ती गाळलेली दिसते. मग तो कचरा वायरीवर चढतो आणि वायर त्याची अँटेना होते.”

“बरं,” ती म्हणाली. सुरी थांबली नाही.

“सकाळी थोडा वेळ प्लग काढता आला तर...”

आता सुरी थांबली. “बाबा, प्लग काढला की लॅपटॉप बंद. बंद झाला की माझ्या नावापुढे लाल टिंब. तीन टिंबं झाली की टीम लीडरचा फोन. पाणी प्यायला उठते तेही माउस हलवून उठते मी. तुम्हीच सांगा, काय करू?”

मास्तरांनी दुसरा उपाय काढला. “मग वायरीवर एखादी कडी तरी चढवू दे. फेराइटची, काळी असते ती, असला कचरा अडवणारी.”

“कंपनीची वस्तू आहे. त्यावर त्यांचं स्टिकर आहे. हात लावू नका, प्लीज.” आणि ती पुन्हा चिरायला लागली, पण आता तुकडे लहानमोठे पडत होते.

मास्तरांनी कानाला खडा लावला. या घरात ते तिच्या हातचं खात होते, तिच्या आधाराने न्हाणीघरात जात होते. कुठल्या तोंडानं आणखी मागायचं?

मग त्यांनी आपल्या बाजूनं होईल तेवढं केलं. तार थोडी सरकवली. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा फेराइटचा काळा गठ्ठा कापून आपल्या रेडिओच्या वायरीवर बसवला. काही फरक पडला नाही. कचरा उगमाशीच अडवायला हवा होता, आणि उगम कडीच्या पलीकडे होता.

घड्याळजींचं बोलणं हळूहळू बुडत चाललं. आधी शब्दांची टोकं गेली, मग मधलेच शब्द. “काय म्हणालास?” हे मास्तर इतक्या वेळा विचारायला लागले की घड्याळजी वैतागले. “तुझ्यासाठी आता पाटीवर लिहून दाखवू का?” शेवटी दोघांनी बोलणंच सोडलं आणि मोर्सवर, म्हणजे किल्ली दाबून टकटक करत पाठवायच्या तारेच्या भाषेवर आले. टकटकीचा सूर गुरगुरीतूनही बराच वाट काढतो. दोघांची बोटं तयार होती, त्यामुळे गप्पा चालू राहिल्या. पण टकटकीत चिमटे काढता येत नाहीत, हसता येत नाही. उरलं ते नुसतं कळवणं. जेवलो. झोप नाही. गुडघा दुखतो. तू?

दिवसभर मास्तर ती गुरगुर ऐकत बसायचे. ऐकता ऐकता त्यांना तिच्यातले बारकावे कळायला लागले. लॅपटॉपवर काम वाढलं की सूर जरा चढायचा, सून गप्प बसून राहिली की उतरायचा. दुपारी कधी कधी तो बराच वेळ उतरलेलाच राहायचा आणि मग एकदम थरथरत वर जायचा. तिनं माउस हलवला असणार. भिंतीपलीकडची ती बाई काय करते आहे हे मास्तरांना तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. एकदा त्यांना वाटलं, हिला सांगावं, पोरी, तू दमलीस की मला इथं ऐकू येतं. पण असलं काही सुनेला कसं सांगतात ते त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी घड्याळजी रेडिओवर वेळेवर आले नाहीत.

मास्तरांनी हाक मारली, थांबले, पुन्हा मारली. गुरगुर नेहमीपेक्षा चढेल होती. सुनेचं आज काहीतरी मोठं चाललं होतं. तिनं सकाळीच बजावलं होतं: “आज वरचे लोक आहेत मीटिंगला, माझ्या कामाचा आढावा आहे. काहीही झालं तरी दार वाजवू नका.” मास्तर हेडफोन कानांवर दाबून बसले. बऱ्याच वेळानं गुरगुरीच्या तळाशी काहीतरी हललं. टक. टक टक. घड्याळजींचा किल्लीवरचा हात सफाईदार, घड्याळाच्या काट्यासारखा. हा मात्र कुणा नवशिक्याचा वाटावा असा अडखळत होता. ‘पड’... मग गुरगुर. ‘दार’... गुरगुर. मग काहीच नाही. मग पुन्हा ‘पड’.

मास्तरांनी ओळखलं. हात घड्याळजींचाच होता. बिघडलेला, पण त्यांचाच.

त्यांनी विचारलं, काय झालं, पुन्हा सांग. उत्तर आलं; येतंय एवढं कळत होतं, काय येतंय ते कळत नव्हतं. एक माणूस काहीतरी जीव तोडून सांगत होता आणि मास्तर त्याच्या तोंडासमोर बहिरे होऊन बसले होते.

ते उठले. वॉकर रेटत बोळ पार करेपर्यंत त्यांना धाप लागली. दारावर थाप मारली. “सूनबाई! दार उघड!”

आतून दबक्या आवाजात आलं, “बाबा, मीटिंग!”

“अगं, प्लग काढ! एक मिनिट काढ!”

मग तिचा दुसराच आवाज, गोड, तासून गुळगुळीत केलेला: “हो सर, मागच्या तिमाहीत माझे आकडे कमी होते, मी मान्य करते...”

तिच्या कानांवर हेडफोन, यांच्यासमोर कडी. मास्तर क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांची नजर वर गेली. बोळाच्या टोकाला, बाहेरच्या दाराच्या डोक्यावर विजेचा बोर्ड होता आणि त्यात मेन स्विच. रेडिओ त्या आठवड्यात मोटारीच्या बॅटरीवरच होता.

स्विच हाताला येणारा नव्हता. कोपऱ्यातली छत्री त्यांनी उचलली, एका हातानं वॉकर गच्च धरला आणि दुसऱ्या हातानं छत्रीचं टोक वर नेलं. टोक एकदा बोर्डाच्या पत्र्यावर आपटलं, एकदा भिंतीचे पोपडे काढून गेलं. खुब्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. इथं पडलो तर दोघंही पडलेले, असं त्यांच्या मनात आलं आणि तशाही परिस्थितीत त्यांना हसू फुटलं. तिसऱ्या खेपेला टोक बरोबर बसलं. खट्.

फ्रिज गप्प झाला. पंखे थांबत आले. पुढच्या खोलीत “हॅलो? हॅलो सर?” असं झालं, आणि मग कडी निघाली.

“बाबा! लाईट तुम्ही घालवलीत?” सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “माझी नोकरी घालवायची आहे का तुम्हाला? तेवढंच राहिलंय! आढावा चालू होता माझा! त्या रेडिओपायी...”

“ओरड नंतर,” मास्तर म्हणाले. ते आधीच खोलीकडे वळले होते. “फोन घेऊन ये. माणूस पडलाय.”

खोलीत शिरले तेव्हा टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून ते ऐकू येत होतं. कित्येक महिन्यांनी रेडिओ निवळला होता. नुसती मंद सळसळ, आणि तिच्यावर एकेक टकटक, जवळून आल्यासारखी स्वच्छ. मास्तर मोठ्यानं वाचू लागले.

“‘पडलो आहे. पहाटेपासून. पाय हलत नाही. दार आतून बंद.’ टेबल उलटलं असणार, किल्ली खाली आलीय त्याच्या हाताशी. सूनबाई, रुग्णवाहिका. पत्ता त्या पोस्टकार्डावर आहे, खिडकीशेजारी टाचलंय बघ.”

सून दारातच थिजली होती. तिचा राग चेहऱ्यावर तसाच होता. फक्त त्याचं आता काय करायचं हे तिला कळत नव्हतं. मग तिनं कार्ड ओढून काढलं, टाचणी कुठंतरी उडाली, आणि नंबर लावला. तिकडच्या बाईनं विचारलं, रुग्ण तुमचे कोण? सुनेनं हातातल्या कार्डाकडे पाहिलं.

“घरचे आहेत,” ती म्हणाली. “वृद्ध आहेत, एकटे आहेत. दार फोडावं लागेल. नाही, मी तिथं नाहीये. कसं कळलं ते नंतर सांगते, तुम्ही आधी माणसं पाठवा.”

मास्तर इकडे किल्लीवर होते. येतायत. जागा राहा. बोलत राहा.

तिकडून हळूहळू आलं, आणि मास्तर वाचता वाचता थांबले.

“काय म्हणाले?” सुनेनं विचारलं.

“म्हणतोय, स्प्रिंग तुटली, काच शाबूत आहे.”

ती हसली नाही. पलंगाच्या कडेवर बसली, फोन छातीशी धरून. पुढच्या खोलीत तिचा काळा पडदा तसाच उघडा पडला होता, तिकडे तिनं पाहिलंही नाही. मास्तर विचारत राहिले, घड्याळजी उत्तर देत राहिले, उत्तरं आखूड होत गेली. मग काही वेळ काहीच आलं नाही. मास्तरांचं बोट किल्लीवर तसंच थबकलं. आणि एकाएकी एक लांबलचक सूर आला, न तुटणारा; कुणाचातरी बूट किल्लीवर पडला असावा. तो सूर बराच वेळ वाजत राहिला आणि मग बंद झाला.

“पोहोचले,” मास्तर म्हणाले. मग त्यांना रडू आलं, आणि सुनेसमोर रडायची सवय नसल्यानं ते भिंतीकडे तोंड करून बसले.

घड्याळजी वाचले. खुबा मोडला होता. “माझीच नक्कल केली,” मास्तर म्हणाले. पण पुन्हा एकटं राहणं आता शक्य नव्हतं. पुतण्यानं त्यांना वृद्धाश्रमात नेलं आणि दुकानाच्या माडीला कुलूप लावलं.

सुनेची नोकरीही वाचली, म्हणजे जशी वाचते तशी. आढाव्यात ‘मध्येच निघून गेल्या’ असा शेरा पडला, तिनं किती सांगितलं तरी. टीम लीडर म्हणाला, मॅडम, प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच. वर तिचा कॅमेरा दिवसभर चालू ठेवायचा हुकूम झाला. त्यानंतर बरेच दिवस ती मास्तरांशी कामापुरतं बोलली. ताट समोर ठेवायची, गोळ्या ठेवायची. मास्तर खाली मान घालून जेवायचे. आपण केलं ते चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं आणि तिचं नुकसान झालं हेही खोटं नव्हतं. या दोन्हीच्या मध्ये ते अडकून बसले होते.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती खोलीत आली. हातात चार्जर होता, वायरीसकट.

“ती कडी काय म्हणत होतात?” तिनं विचारलं.

“कंपनीची वस्तू आहे ना?”

“स्टिकरला हात लावायचा नाही. वायरीचं त्यांनी काही म्हटलेलं नाही.”

मास्तरांनी तिला माळ्यावरचा जुना, फुगीर पाठीचा टीव्ही काढायला लावला. तो कित्येक वर्षांत लागला नव्हता. तरी मास्तरांनी तिला दूर उभं केलं, आधी काचेच्या नळीतली उरलीसुरली वीज उतरवली आणि मगच आत हात घातला. नळीच्या मानेवर तांब्याच्या तारांचं एक गुंडाळं होतं. तारा सोडवल्यावर आतून फेराइटचं जाडजूड, काळं कडं निघालं, सुनेच्या बांगडीएवढं.

“नुसती एकदा ओवून उपयोग नाही,” मास्तर म्हणाले. “पुन्हा पुन्हा फिरव. चार्जरच्या अगदी जवळ. कचरा बाहेर पडायच्या आत अडला पाहिजे.”

ती जमिनीवर मांडी घालून एकेक वेढा घालायची, प्लग लावून बघायची, आणि ते ट्रान्झिस्टर धरून होते. पहिल्या वेढ्याला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “घाल, घाल,” ते म्हणाले. चौथ्या-पाचव्या वेढ्याला गुरगुर खाली बसायला लागली. लॅपटॉपकडच्या बारीक वायरीसाठी मॉनिटरच्या केबलवरचा तो गठ्ठा वापरला. शेवटी उरली ती दूरच्या डासाइतकी भुणभुण.

“एवढंच होतं?” सून म्हणाली.

“एवढंच.”

तिनं ते कडं बोटांनी फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “मी उद्यापासून इथं बसते. तुमच्या खोलीत. आतून कडी लावून बसणं आता माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही पडलात तर मला कळणारसुद्धा नाही.”

मास्तरांच्या जिवावर आलं. ही खोली तेवढी त्यांची होती. “इथं जागा कुठाय?” ते म्हणाले.

जागा झाली. तिचं टेबल पलंगाला खेटून लागलं. आता दिवसभर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायची, दोघांच्या कानांवर हेडफोन. कॅमेऱ्यामुळे मास्तरांना सकाळपासून सदरा घालून बसावं लागे. खोकला आला तर ते तोंडावर उशी धरत. तिला कुणी शिव्या दिल्या की तिचे खांदे वर चढायचे. आता ते दिसायचंही. संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून तिथंच कपाळ टेकवून बसायची, आणि मास्तर तिच्यासाठी काही करता येईल का याचा विचार करायचे. काहीच सुचायचं नाही.

सकाळी ते रेडिओ लावायचे. निर्मळ होता तो आता. पण त्यावर कुणी नव्हतं.

घड्याळजींचा फोन आला तो आश्रमातून, पुतण्याच्या मोबाईलवरून. इतकी वर्षं रेडिओवर तासन् तास बोललेली ही माणसं फोनवर पाहुण्यांसारखी वागत होती. जेवण बरं आहे? बरं आहे. झोप? होते.

“इथं खिडकीबाहेर तार टाकू देत नाहीत,” घड्याळजी म्हणाले. मागं मोठ्या आवाजात टीव्ही चालू होता. “सगळ्यांचा दिवसभर एकच टीव्ही. तुझ्या सुनेची गुरगुर परवडली. कशी आहे ती?”

“गुरगुर ना? गेली. बंदोबस्त केला.”

“खरं सांगतोस? मग आता ऐकू काय येतं?”

“काही नाही. एकदम स्वच्छ आहे.”

“ऐकव ना,” घड्याळजी म्हणाले.

मास्तरांनी हेडफोनची पिन काढली, आवाज मोठा केला आणि मोबाईल रेडिओच्या जाळीला लावून धरला. खोलीत ती मंद सळसळ पसरली, वाळूवरून पाणी ओसरावं तशी. फोन धरून हात अवघडला, तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला. पलीकडून घड्याळजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

सुनेच्या लॅपटॉपमधून टीम लीडर म्हणाला, “मॅडम, मागे कसला आवाज येतोय?”

तिनं वळून पाहिलं. सासरे सदऱ्याची सगळी बटणं लावून, वाकून, रेडिओपुढे फोन धरून उभे होते.

“रेडिओ आहे, सर,” ती म्हणाली. “माणसं ऐकतायत. बोला तुम्ही.”